घरांच्या आधी रस्ता

अर्थशास्त्राच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी मी फळ्यावर 'नागरीकरण' हा शब्द लिहितो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, त्याखाली 'कारणे' आणि 'परिणाम' अशी दोन शीर्षके घालतात आणि परीक्षेत त्यावर टीप लिहून मोकळे होतात. या अर्थाचा शब्द युरोपात प्रथम कोणी घडविला असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. माझ्याही मनात अध्यापनाची पहिली कित्येक वर्षे तो आला नव्हता. शास्त्रीय संज्ञा म्हणून तो रूढ करण्याचे श्रेय इल्देफोन्स सेर्दा या स्पॅनिश अभियंत्याला दिले जाते. १८६७ साली त्याने नागरीकरणाचा सामान्य सिद्धान्त मांडणारा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ त्या काळी फारसा कोणी वाचला नाही. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी याच माणसाने कागदावर आखलेले रस्ते आज बार्सिलोना शहरात लाखो माणसे रोज तुडवीत आहेत.

या माणसाचे चरित्र आजच आठवण्यास एक अगदी घरगुती कारण घडले. माझे घर आणि माझे महाविद्यालय यांमध्ये सरळ रेषेत तीनशे मीटरांचे अंतर आहे. पूर्वी मधल्या शेताच्या बांधावरून पायवाट होती. आता त्या शेताच्या जागी एकामागून एक तीन गृहसंकुले उभी राहिली आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र फाटक, स्वतंत्र पहारेकरी आणि फाटकातून आत शिरून मागच्या भिंतीशी संपणारा स्वतंत्र रस्ता. तिन्ही रस्ते चांगले रुंद आहेत, त्यांवर दिवे आहेत, कडेला झाडेही लावली आहेत. पण एकाचेही टोक दुसऱ्यास मिळत नाही. परिणामी तीनशे मीटरांसाठी मला हमरस्त्याचा वळसा घेऊन दीड किलोमीटर चालावे लागते, आणि ज्यांना तेवढे चालवत नाही ते रिक्षा करतात. सकाळी नऊ वाजता आमच्या हमरस्त्यावर वाहने का तुंबतात, याचे निदान आमच्या नगरसेवकांनी 'रस्ता अरुंद' असे केले आहे आणि रुंदीकरणाचा ठरावही झाला आहे. मला वाटते, निदान चुकले आहे. रस्ता अरुंद नाही, तो एकटा आहे. हा फरक सेर्दाला पुरता उमगला होता.

सेर्दाचा जन्म २३ डिसेंबर १८१५ रोजी कातालोनिया प्रांतातील सेन्तेयेस या गावी, एका जुन्या सधन शेतकरी घराण्यात झाला. त्या घराण्यांतील रीतीप्रमाणे वाडी आणि जमीन थोरल्याकडे जायची. धाकट्यांनी धर्मपीठाची किंवा एखाद्या विद्येची वाट धरायची. त्याप्रमाणे त्यालाही धर्मगुरू करण्याच्या हेतूने विक येथील पाठशाळेत घातले गेले. मुलाचे मन तेथे रमले नाही. १८३२ साली तो बार्सिलोनास येऊन गणित आणि वास्तुविद्या शिकू लागला. पुढे राजधानी माद्रिद येथे जाऊन त्याने रस्ते, कालवे व बंदरे यांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे केले आणि १८४१ मध्ये तो सरकारी नोकरीत रुजू झाला. नोकरीच्या काळात, १८४४ च्या सुमारास, फ्रान्समधील नीम येथे त्याने आगगाडी पाहिली. त्या दर्शनाचा परिणाम त्याच्या मनावर जन्मभर राहिला. यंत्राची शक्ती तर थोर होतीच. पण त्याला अधिक नवल वाटले ते गाडीतून उतरणाऱ्या माणसांच्या संख्येचे. एवढी माणसे अशा वेगाने हालू लागली तर ज्या शहरांत ती उतरणार त्या शहरांचे काय होणार, हा प्रश्न त्याने तेव्हापासून उराशी धरला.

दैवाने त्याला त्या प्रश्नासाठी मोकळीक दिली, तीही दुःखाच्या वाटेने. वडील वारले, थोरले भाऊ वारले आणि १८४८ च्या सुमारास वडिलोपार्जित इस्टेट अनपेक्षितपणे त्याच्याकडे आली. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्याने सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. हाती आलेल्या संपत्तीचे माणूस काय करतो यावरून त्याची ओळख पटते असे म्हणतात. सेर्दाने ती संपत्ती एका शहराच्या अभ्यासात घातली आणि अखेर तीत काही उरले नाही.

त्या शहराची स्थिती काय होती ते पाहिले पाहिजे. बार्सिलोना त्या वेळी स्पेनमधील गिरण्यांचे शहर होते. वाफेवर चालणारे कापडाचे कारखाने, खेड्यांतून येणारे मजूर, बंदरातला व्यापार असे सर्व काही वाढत होते. वाढत नव्हती ती जागा. शहराभोवती जुना तट होता आणि तो पाडण्यास माद्रिदची परवानगी नव्हती. १७१४ साली हे शहर राजाच्या सैन्याने जिंकून घेतल्यानंतर तेथे सिउतादेया नावाचा प्रचंड किल्ला बांधण्यात आला होता, तो शत्रूपासून शहराचे रक्षण करण्यासाठी नव्हे, तर शहरावरच नजर ठेवण्यासाठी. १८४२ मध्ये मोन्जुइक टेकडीवरच्या गडावरून शहरावर तोफांचा मारा झाला, तेव्हा नागरिकांना तटाचा अर्थ पुन्हा एकदा नीट कळला. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात कोणी घर बांधायचे नाही, असा लष्कराचा दंडक होता. त्यामुळे आत घरांवर मजले चढत गेले, वरचे मजले गल्लीवर झुकले आणि काही ठिकाणी तर गल्लीवरून कमानी टाकून त्यांवरही खोल्या बांधल्या गेल्या. खाली दिवसाही अंधार. बाहेर, दंडकाच्या सीमेपलीकडे, ग्रासिया, सान्त्स, सान्त मार्ती अशी गावे आपापल्या तऱ्हेने, आपापल्या वाकड्या-तिकड्या रस्त्यांनिशी फुगत होती. मधे मोकळे मैदान. म्हणजे एकीकडे घुसमट आणि दुसरीकडे पसारा. ही दोन्ही दुखणी एकाच शहराला एकाच वेळी जडू शकतात हे आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

१८५४ साली अखेर परवानगी मिळाली. त्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ होती. लोकांनी कुदळी-पहारी घेऊन तट पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा तो एक सण असल्यासारखाच झाला. तट पाडण्याचा तो काळच होता असे दिसते. व्हिएन्नाच्या तटाचे फर्मान १८५७ मधले. आपल्या मुंबईच्या कोटाच्या भिंती बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६२ नंतर पडल्या. परंतु भिंत पाडणे सोपे. तिच्या बाहेर काय आखायचे हा खरा प्रश्न आणि तो सुटण्यापूर्वीच जमीनमालक, दलाल आणि मुकादम मैदानात उतरलेले असतात.

सेर्दाकडे १८५५ साली मैदानाच्या मोजणीचे काम आले. त्याने केलेला नकाशा इतका बारकाईचा होता की पुढची सर्व आखणी त्यावर उभी राहिली. पण तो नकाशावर थांबला नाही. १८५६ मध्ये त्याने बार्सिलोनाच्या कामगारवर्गाची एक सांख्यिकी पाहणी सिद्ध केली. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या माणसाबद्दल आपुलकी वाटावी ती येथे. धंद्यानुसार मजुरी किती, वर्षातून प्रत्यक्ष कामाचे दिवस किती, सणावारांनी आणि आजारपणाने किती दिवस बुडतात, कुटुंबाला भाकरी, भाडे, कपडे यांना काय लागते, हे सर्व त्याने जमा-खर्चाच्या स्वरूपात मांडले. एकट्या मजुराचा हिशेब, विवाहिताचा हिशेब, मुले असलेल्याचा हिशेब. कित्येक धंद्यांत संसारी माणसाची जमा खर्चाला पुरत नाही, हे त्यातून उघड झाले. कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या पाहण्या आज आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. सेर्दा त्या करीत होता तेव्हा त्या शास्त्राचे बाळसेही धरलेले नव्हते. घर दाटीचे, गल्ली अरुंद आणि मरण लवकर, या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी असलेला संबंध त्याने आकड्यांत मांडून पाहिला. रस्त्याची रुंदी हा सौंदर्याचा प्रश्न नसून आयुर्मानाचा आहे, असे त्याचे मत त्यातून बनले.

मग १८५९ चा आराखडा आला. वरवर पाहता तो बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि म्हणून पुष्कळांनी त्याची टर उडविली. सुमारे ११३ मीटर बाजूचा चौरस. दोन चौरसांमध्ये २० मीटर रुंदीचा रस्ता. त्या रस्त्यात मधला निम्मा भाग वाहनांना आणि दोन्ही कडांचा मिळून निम्मा पायी चालणाऱ्यांना. कडेने झाडे. प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे ४५ अंशांत छाटलेले, त्यामुळे दोन रस्ते मिळतात तेथे आपोआप एक लहानसा अष्टकोनी चौक तयार होतो, वळणाऱ्या वाहनास जागा मिळते आणि येणारा दुरून दिसतो. चौरसांचे कोपरे चार मुख्य दिशांकडे केलेले, म्हणजे घराच्या प्रत्येक दर्शनी बाजूस दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या प्रहरी ऊन लागावे. चौरसाच्या सर्व बाजूंना घरे बांधावयाची नव्हती. दोनच बाजूंना, १६ मीटरांच्या उंचीपर्यंत, आणि उरलेली जागा बागेला. ठरावीक घरसमूहांमागे शाळा, बाजार, इस्पितळ, उद्याने. या पटातून तिरप्या जाणाऱ्या दोन-तीन लांबलचक वाटा. दियागोनाल हे तर त्यांपैकी एकीचे नावच पडले आणि ५० मीटर रुंदीची ग्रान व्हिया ही पटाची मुख्य धमनी.

या पटाचा अर्थ थोडा हिशेब करून पाहावा. समजा, मला माझ्या घरापासून तीन चौरस पूर्वेस आणि तीन चौरस उत्तरेस जायचे आहे. अशा जाळ्यात एकाच लांबीच्या, उलट न फिरणाऱ्या २० वाटा मला उपलब्ध असतात. पाच-पाच चौरस असतील तर त्या २५२ होतात. एखादी वाट मोरी फुटून बंद पडली, एखादीवर मिरवणूक निघाली, तरी काही अडत नाही. गर्दी पाण्यासारखी पसरते आणि कोणत्याही एका रस्त्याचा हमरस्ता होत नाही. आणि कोठूनही कोठे जा, सरळ अंतराहून सुमारे ४१ टक्क्यांपेक्षा अधिक चाल पडत नाही. माझ्या घरून महाविद्यालयास जाणाऱ्याला, वर सांगितल्याप्रमाणे, पाचपट चाल पडते आणि वाट एकच. रस्त्यांची एकूण लांबी दोन्हीकडे तीच असू शकेल. म्हणजे शहराने रस्त्यांवर किती पैसा ओतला यावरून काहीच कळत नाही. ते रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात यावर सारे अवलंबून. फाटकाआडचा रस्ता शहराच्या नकाशावर दिसतो, शहराच्या उपयोगी पडत नाही.

सेर्दाच्या आराखड्यातील आणखी एक गोष्ट त्या काळच्या प्रतिष्ठितांना मानवली नाही. सर्व रस्ते जवळपास सारखे, सर्व चौरस सारखे. श्रीमंतांचा भाग कोणता आणि गरिबांचा कोणता हे नकाशावरून सांगता येत नव्हते. नगरपालिकेने स्वतंत्र स्पर्धा लावली होती. तीत आन्तोनि रोविरा या वास्तुविशारदाचा आराखडा पहिला आला. त्यात जुन्या शहरापासून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते बाहेर पसरत होते. मध्य कोठे आणि कड कोठे हे स्पष्ट होते आणि त्याबरोबर जमिनीच्या किमतीची चढती-उतरती भाजणीही. तो आराखडा देखणा होता यात वाद नाही. पण माद्रिद सरकारने जून १८५९ मध्येच सेर्दाला मंजुरी दिलेली होती, आणि मे १८६० च्या शाही फर्मानाने ती कायम केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राणी इसाबेल दुसरी हिच्या हस्ते कोनशिला बसविली गेली. बार्सिलोनाकरांनी ही गोष्ट कधी विसरू दिली नाही. सेर्दा अस्सल कातालान कुळातला. तरी त्याचा आराखडा हा राजधानीने लादलेला आराखडा ठरला. मला वाटते, रागाचे हे एकच कारण खरे नव्हते. परक्या सरकारने लादलेल्या किल्ल्यावरचा राग त्या सरकारने मंजूर केलेल्या रस्त्यावर निघाला हे समजण्याजोगे आहे. परंतु त्या रागाला खतपाणी घालणाऱ्यांत ज्यांच्या जमिनीतून रस्ता जाणार होता असे पुष्कळ होते.

आणि येथेच या चरित्राचा गाभा आहे. रस्ता लागतो सर्वांना, जमीन जाते कोणा एकाची. एखाद्याचे सारे शेत रस्त्यात जाते आणि तो धुळीला मिळतो. त्याच्या शेजाऱ्याच्या शेताला त्याच रस्त्याचे तोंड लाभते आणि तो काही न करता श्रीमंत होतो. अर्थशास्त्रात याला अनर्जित मूल्यवृद्धी म्हणतात. मालकावर सोपवले तर तो आपल्या सोयीपुरती, आपल्या भूखंडांपर्यंत जाणारी गल्ली काढील. शेजाऱ्याच्या गल्लीला ती जोडण्यात त्याला स्वतःचा लाभ काहीच दिसत नाही, उलट जमीन मात्र जाते. प्रत्येकाने शहाणपणाने वागावे आणि सर्वांचे मिळून नुकसान व्हावे, असा हा पेच आहे. सेर्दाने त्यावर जो उपाय सुचविला तो त्याच्या चौरसांपेक्षाही मोलाचा आहे. त्याचे म्हणणे असे की, रस्त्याने ज्यांच्या जमिनीचे मोल वाढणार त्या सर्वांच्या जमिनी एकत्र धराव्या, रस्त्यासाठी लागणारी जागा सर्वांच्या हिश्श्याने वजा करावी, आणि उरलेली जागा नव्या आखणीनुसार प्रत्येकाला प्रमाणात परत द्यावी. ज्याला लाभ त्यानेच रस्त्याचा भार उचलावा. सरकारी तिजोरीतून मोबदला द्यावा लागत नाही आणि कोणी एकटा नागवला जात नाही. १८६१ साली बार्सिलोनाच्या जनतेला उद्देशून त्याने एक लहानशी पुस्तिका काढली, तीत हाच विचार त्याने मालकांना पटवून देण्याचा प्रयत्न केला. मालक भांडत राहिले. पण वाकडेतिकडे बांध हळूहळू सरळ होत गेले हे खरे.

हा विचार आपल्याला परका नाही, हे येथे सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा याच तत्त्वावर उभा होता. मूळ जमिनी एकत्र करून, रस्ते व मैदाने काढून, मालकांना 'अंतिम भूखंड' परत द्यायचे ही त्यातील योजना. त्याही आधी, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडचे रस्ते घरांच्या आधी आखले. ती वस्ती पाहिली म्हणजे आधी आखलेल्या रस्त्याचे मोल कळते. पुढे महाराष्ट्रात ही भूखंड परत देण्याची पद्धत मागे पडली. आराखड्यावर रस्त्याची रेघ ओढायची, जमीन आरक्षित म्हणून जाहीर करायची आणि मोबदल्यास पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे थांबायचे, हा मार्ग आपण धरला. गुजरातने जुनी पद्धत चालू ठेवली. अलीकडे आपल्याकडेही ती पुन्हा हाती घेतली जात आहे. मधल्या काळात ज्या जमिनींवर घरे उठली, त्या मात्र आता परत एकत्र करता येणार नाहीत.

सेर्दाच्या गुणांचे एवढे वर्णन केल्यावर त्याच्या चुका सांगणे प्राप्त आहे. १८६३ साली नव्या भागात घरे बांधणाऱ्या एका कंपनीचे तांत्रिक संचालकपद त्याने स्वीकारले. ज्याने नियम केले त्याने त्या नियमांखाली बांधणाऱ्याच्या पंक्तीला बसू नये. त्याच्या शत्रूंना आयते कोलीत मिळाले. दुसरी चूक अधिक गंभीर. जुन्या शहराच्या गल्ल्यांतूनही सरळ हमरस्ते कापून न्यावे असे त्याच्या आराखड्यात होते. त्यांपैकी एक, आजची व्हिया लाएताना, १९०८ नंतर प्रत्यक्ष झाला, आणि त्यात हजारो गरिबांची घरे गेली. मोकळ्या मैदानावर माणुसकीने आखलेली रेघ नांदत्या वस्तीवरून ओढली की ती तशी राहत नाही. ज्याने मजुरांच्या संसाराचे हिशेब मांडले, त्याला हे दिसावयास हवे होते.

पण त्याच्या चुकांपेक्षा इतरांनी त्याच्या कामाची केलेली मोडतोड कितीतरी मोठी. चौरसाच्या दोनच बाजूंना बांधायचे होते; मालकांनी तिसरी बाजू बांधली, मग चौथी. मधल्या बागेत आधी छपऱ्या आल्या, मग कारखाने. उंचीची मर्यादा नगरपालिकेच्या एकामागून एक नियमावल्यांनी वाढवीत नेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या घरांच्या डोक्यावर आणखी मजले चढले. बाग बहुतेक सगळी गेली, ऊन पुष्कळसे गेले, समतेचा विचार जमिनीच्या भावाने पुसून टाकला. राहिला तो रस्ता. एका चौरसाचा दुसऱ्या चौरसाशी असलेला जोड कोणालाच तोडता आला नाही, कारण तो जोड खासगी जमिनीवर नव्हता. १८९७ मध्ये ग्रासिया, सान्त्स, सान्त मार्ती ही गावे बार्सिलोनात सामील झाली तेव्हा त्यांना शहराशी बांधणारे जाळे आधीच टाकलेले होते. आजही सेर्दाच्या सरळ रस्त्यावरून ग्रासियात शिरताना पायाखालचे गाव एकदम बदलते, वाटा अरुंद होतात, पण वाट कोठे संपत नाही. दियागोनाल समुद्रापर्यंत न्यायची हे १८५९ च्या कागदावर होते. तिचा शेवटचा टप्पा १९९९ मध्ये खुला झाला. मधल्या १४० वर्षांत तिच्या मार्गावर रूळ आले, कारखाने आले, झोपड्या आल्या. रेघ शाबूत होती म्हणून ती पुरी करता आली.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सगळे रस्ते सारखे म्हणून मोटारीलाही सगळे रस्ते सारखेच सापडले. विसाव्या शतकात त्या २० मीटरांपैकी मोटारीने आपला वाटा वाढवून घेतला आणि बार्सिलोना धूर व गोंगाटाने त्रस्त झाले. यावर तेथील महापालिकेने जो मार्ग काढला तो जाळ्यामुळेच शक्य झाला. २०१६ पासून काही भागांत अनेक चौरसांचा एक गट करून आतल्या रस्त्यांवरून आरपार जाणाऱ्या मोटारींना मज्जाव केला गेला. पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडी यांना सर्व रस्ते पूर्वीसारखेच खुले. हा प्रयोग तेथेही वादग्रस्त आहे. दुकानदार आणि रहिवासी यांच्यात त्यावरून जुंपते. तरी आपल्या गृहसंकुलांशी त्याची तुलना करून पाहावी. तेथे मोटार अडवली आणि माणूस सोडला. आपण माणूस अडवतो आणि सभासदाची मोटार सोडतो.

सेर्दाची अखेरची वर्षे फार कष्टात गेली. संसार मोडला होता, पत्नी वेगळी राहत होती. इस्टेट पाहण्या, मोजण्या आणि ग्रंथ यांत खर्ची पडली. केलेल्या कामाचे पैसे सरकार आणि नगरपालिका यांच्याकडून त्याला पुरते मिळाले नाहीत; अर्ज लिहिण्यात त्याचे दिवस जात. १८७३ मध्ये स्पेनमध्ये पहिले प्रजासत्ताक आले तेव्हा बार्सिलोना प्रांतिक मंडळाच्या उपाध्यक्षपदी तो होता. ते प्रजासत्ताक वर्षभरही धड टिकले नाही. प्रकृती खालावल्यावर उत्तरेकडील काल्दास दे बेसाया येथे औषधी झऱ्यांच्या आशेने तो गेला आणि तेथेच २१ ऑगस्ट १८७६ रोजी त्याचे निधन झाले. साठ वर्षे आणि आठ महिन्यांचे आयुष्य. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांतील वास्तुविशारदांनी त्याच्या आराखड्याला कंटाळवाणा म्हणून नावे ठेवली आणि त्याच्या मोठ्या ग्रंथावर धूळ बसली. ती धूळ झटकली ती, सांगण्यास मला आनंद होतो, एका अर्थशास्त्रज्ञाने. फाबियान एस्तापे यांनी १९६८ मध्ये त्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण घडवून आणले. मग विद्यापीठे जागी झाली, आणि २००९ मध्ये आराखड्याची दीडशे वर्षे शहराने समारंभाने साजरी केली.

त्याच्या नावाचा चौक बार्सिलोनात आहे. मात्र तो त्याने आखलेल्या चौरसांत नाही. शहराच्या नैऋत्य कडेला, शेजारच्या ओस्पितालेत गावाकडे जाणाऱ्या ग्रान व्हियावर, वाहनांच्या एका अवाढव्य नाक्याला ते नाव दिलेले आहे. तेथे पायी जाणाऱ्याने रस्ता ओलांडणे ही कित्येक वर्षे मोठी कठीण गोष्ट होती.